नंदीचा सेफ्टी व्हॉल्व्ह

॥ श्री सिद्धेश्वर ॥

बाळीवेस, सोलापूर
१२ सप्टेंबर १९७६

चि. चन्नवीर यांस,

आशीर्वाद. पत्रास कारण व्हॉल्व्ह. दुसरं कसलंही कारण नाही हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तुमच्या घरात कुणाचा गैरसमज व्हायला नको. दाक्षायणीला पत्र वाचून दाखवलं नाही तरी चालेल. आणि तुम्ही जावई म्हणून मी अहो-जाहो करतोय. माझा राग गेलाय असा अर्थ काढू नका.

तर, येत्या गड्ड्याच्या जत्रेत नंदी परत चालवायचा ठरवलाय. तीन वर्षं बिचारा परसात गोणपाटाखाली पडून होता. अकरा वर्षं खपून बांधलेलं इंजिन! गुडघ्याएवढं असलं म्हणून काय झालं, खरा कोळसा खातंय, खरी वाफ करतंय, मागं दोन डबे जोडून आठ पोरं ओढतंय. ते काय गंजायला बांधलं होतं? गोणपाट काढलं तर चिमणीत पाखरांनी घरटं केलेलं. बॉयलर मात्र ठणठणीत. हातपंपानं पाणी भरून एकशे साठ पौंडांपर्यंत दाब दिला, कुठं थेंब गळला नाही. तांब्याचं काम माझं आहे, गळेल कसं?

त्रास देतोय तो सेफ्टी व्हॉल्व्ह. जुना मी काढून ठेवलाय (कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे), म्हणून नवा केला. मापं तुमच्याच वहीतली घेतली. वही इथंच राहिली होती, मी काही मागून ठेवली नव्हती. ऐंशी पौंडाला उचलून वाफ सोडायला पाहिजे तो साठलाच फुसफुस करतोय. नट आवळला तर साठला फुसफुसतो. आणखी आवळला तरी साठलाच! स्प्रिंग तीनदा बदलली. पुण्याहून मागवलेली स्प्रिंग पाहिली तर ती पेनातली शोभेल. दुकानदाराला लिहिलं, त्यानं उत्तर दिलं की हीच घ्या, चांगली चालते. अरे, कशात चालते?

बिरप्पा शेजारी बसून कोळसा फोडतो आणि दर पाच मिनिटांनी म्हणतो, "मालक, ह्यो फुसफुसतंय की." मला डोळे नाहीत का? एकतीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली, सरकारी सर्टिफिकेट भिंतीवर टांगलंय, आणि हा मंद्रूपचा मेंढरं राखणारा मला सांगणार!

तुम्ही टर्नर माणूस. हुबळीला रोज असलीच कामं करता म्हणे. काय चुकतंय ते कार्डावर लिहून कळवा. जास्त लिहायची गरज नाही.

तुमच्या सासूबाईंचा निरोप: दाक्षायणीला शेंगाचटणी पाठवायची आहे, कुणी येणार असेल तर कळवा.

महादेवप्पा उंबरजे
(निवृत्त बॉयलर अटेंडंट)


३० सप्टेंबर १९७६

चि. चन्नवीर यांस,

तुमचं कार्ड मिळालं. "सीट घासा. नवीन गोळी घाला." पाच शब्द! वर नमस्कार नाही, खाली सही नाही. एवढं मोठं कार्ड, बाकीची जागा काय विकायला ठेवली होती? मी जास्त लिहू नका म्हणालो होतो, म्हणून इतकं कमी?

बरं. वाफेचं भोक झाकणारी गोळी जिथं बसते त्या सीटला बारीक ओरखडा होता. माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा आलाच की लक्षात. बारीक पेस्ट लावून घासली. मग तुम्ही करायचा तसं, जुनी गोळी सीटवर ठेवून, सीटला तिचा आकार यावा म्हणून, हातोडीनं एकच टिचकी मारली, ती गोळी फेकून दिली आणि नवी घातली. गोळीवर दांडी, दांडीभोवती स्प्रिंग, वरून नट. विस्तव केला. साठ झाले, सत्तर झाले, गप्प. पंच्याहत्तर, गप्प. काटा ऐंशीवर आला आणि दांडी नटाच्या भोकातून केसभर वर आली. फुस्स करून अशी मोकळी वाफ सुटली की परसातली कोंबडी छपरावर गेली. शहात्तरला आपोआप बंद! शिवशिवा, कान तृप्त झाले.

बिरप्पा म्हणाला, "ही समदी जावईबापूंची अक्कल, न्हाय का मालक?" मी म्हटलं, कोळसा फोड. तर म्हणतो, "लई गुणाचा मानूस. त्यो हात भाजला तवा बी त्वांडातनं सबूद न्हाय काढला." मी म्हटलं, बिरप्पा, तुला कोळसा फोडायला ठेवलाय की कीर्तन करायला?

आता त्या दिवसाचा विषय निघालाच आहे तर माझी बाजू मी परत एकदा मांडतो. चौऱ्याहत्तरचा गड्डा. डब्यांत आठ पोरं बसलेली. काटा ऐंशीवर गेला, व्हॉल्व्ह उचलला नाही. शंभर, एकशे दहा, काटा खुंटीला जाऊन टेकला. तुम्ही ओरडून पोरं उतरवलीत, भट्टीची जाळी अडकली म्हणून पेटता कोळसा हातानं उपसलात, हे मी कधी नाकारलेलं नाही. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली तेवढ्यावर निभावलं. पण व्हॉल्व्ह उचलला का नाही? त्या सकाळी त्याच्या नटावर तुमचा पाना होता. मी या डोळ्यांनी पाहिला. फुसफुस नको म्हणून तुम्ही नट आवळलात, असं मी म्हणालो. चारचौघांत म्हणालो, मान्य. शंभरेक माणसं असतील. पण ज्या माणसानं एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला त्यानं डोळ्यांदेखत आठ पोरं मरायला टेकलेली बघून काय गोड बोलायचं होतं?

खंडेनवमी तोंडावर आली. तीन वर्षांनी नंदीची यथासांग पूजा करणार आहे.

सासूबाई विचारतात, चटणीचं काय?

महादेवप्पा


९ नोव्हेंबर १९७६

चि. चन्नवीर यांस,

डोकं फिरायची पाळी आली आहे. फिरलं नसेल तर या पत्राच्या शेवटापर्यंत फिरेल.

दसऱ्याआधी सुतासारखा चालणारा व्हॉल्व्ह काल उचललाच नाही. ऐंशी झाले, गप्प. पंच्याऐंशी, गप्प. मी म्हटलं थांबू जरा, ऐटीत आहे. नव्वद! पंच्याण्णवला मी विस्तव ओढून काढला. आता लांब दांड्याचा आकडा करून ठेवलाय त्यासाठी. बिरप्पा तोवर वेशीपर्यंत पोचला होता. साठ वर्षांचा माणूस इतका पळू शकतो हे मला नवीनच कळलं. परत आला तर म्हणतो, "मी पानी आनाया गेलतो."

नटाला कुणी हात लावलेला नाही. इथं माझ्याशिवाय आहेच कोण? सीट चकचकीत, गोळी नवी, स्प्रिंगची लांबी मोजून घातलेली. दसऱ्यापासून काल पहिल्यांदाच विस्तव केला होता. मधल्या दिवसांत पूजाअर्चेशिवाय दुसरं काही केलं नाही. मग अडकला कशानं? इथलं पाणी जड आहे, क्षार धरतंय, हे खरं. पण महिन्याभरात? आणि तेही विस्तव न करता?

गार झाल्यावर नटाला पाना लावून बघितला. नट फिरला, पण नटाबरोबर आतली दांडीही फिरायला लागली. त्यावरून मला काहीतरी आठवलं. ते राहू दे.

दिवाळीला दाक्षायणीचं तिच्या आईला पत्र आलं. ते मला जेवताना वाचून दाखवण्यात आलं. मुद्दाम जेवताना. तोंडात घास असला की मला ओरडता येत नाही हे तुमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत बरोबर हेरलंय. त्यात तुमची अट लिहिली होती: "जिथं बोलले तिथंच उभं राहून परत बोलावं, मग आम्ही दोघं सोलापूरला येऊ."

म्हणजे मी माफी मागायची? गड्ड्यावर? भर जत्रेत? अहो, मी सासरा आहे तुमचा! दाक्षायणी लिहिते की त्या दिवसानंतर सोलापुरात एकाही वर्कशॉपनं तुम्हाला दारात उभं केलं नाही, आबासाहेबांनी त्यांच्या लेथवरून चार दिवसांत काढलं, "व्हॉल्व्ह आवळणारा" म्हणून बोट दाखवत होते लोक. वाईट वाटलं. मी दगडाचा नाही. पण लोकांच्या तोंडाला मी झाकण लावू?

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं लिहितो, कारण त्या शेजारी उभ्या आहेत आणि लिहिल्याशिवाय हलणार नाहीत: "तीन वर्षं पोरीचं तोंड बघितलं नाही. लोखंडाच्या बैलापायी." मी म्हटलं, तांब्याचा आहे. तर म्हणाल्या, "आधी मोरीतल्या नळाचं वायसर बदला, मोठे बॉयलरवाले." आणि हललेल्या नाहीत. अजून उभ्याच आहेत.

व्हॉल्व्हचं मात्र कळवा. गड्ड्यावर जागा देणाऱ्यांनी यंदा व्हॉल्व्ह ऐंशीला उचलतो हे आधी चालवून दाखवा, मगच पोरं बसवा असं सांगितलंय. रास्त आहे त्यांचं.

महादेवप्पा


२४ नोव्हेंबर १९७६

चि. चन्नवीर यांस,

कार्ड मिळालं. यावेळी तीनच शब्द. "पेटीतला जुना उघडा." पुढच्या खेपेला काय, कोरं कार्ड पाठवणार?

उघडणार नाही. तो पुरावा आहे. त्या दिवशी सगळ्यांच्या समोर मी तो इंजिनावरून काढला, बिस्किटाच्या डब्यात घातला, डबा लोखंडी पेटीत ठेवला आणि किल्ली जानव्याला... नाही, आपल्यात जानवं कुठलं, करगोट्याला बांधली. कधी कुणी विचारलं तर दाखवायला असावा म्हणून. तीन वर्षांत कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

एकदा उघडला की पुरावा कसला राहिला? आणि तुम्हाला तरी एवढी कसली घाई, आत काय आहे ते बघायची?

गड्ड्याला सात आठवडे राहिलेत आणि इथं नव्या व्हॉल्व्हला हात लावायची मला भीती वाटायला लागली आहे. हे कुणाला सांगू नका.

महादेवप्पा


६ डिसेंबर १९७६

चि. चन्नवीर यांस,

आज सोमवार. आज मी नंदीला विभूती लावली नाही. का ते सांगतो. एका बैठकीत लिहितोय, उद्यावर ढकललं तर लिहिणार नाही.

काल पेटी उघडली.

डब्यातून व्हॉल्व्ह काढला, भिंग घेतलं, उन्हात बसलो. आधी खूण शोधली. तुम्ही व्हॉल्व्ह ऐंशीला लावून झाला की नटावर आणि खालच्या पितळेवर एक बारीक रेघ ओढायचात, दोन्ही रेघा जुळल्या म्हणजे माप बरोबर. मी मनाशी म्हणत होतो, नटाची रेघ आवळण्याच्या बाजूला सरकलेली दिसेल. चांगली अर्धा फेरा सरकलेली असेल. अर्धा फेराच सरकलेली होती. पण सैल करण्याच्या बाजूला.

मी तीनदा बघितलं. बिरप्पाला बोलावून विचारलं, नट कुठल्या बाजूला आवळतात? तो म्हणाला, "मालक, तुमाला बरं वाटत न्हाय का?"

मग नट काढायला गेलो तर दांडी भोकात पक्की बसलेली. मारून काढावी लागली. भोकात, स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यांत, सगळीकडं पांढरं, टणक. नखानं निघेना, चाकूनं खरवडलं तर भुगा पडला. पाणी जड आहे म्हणून क्षार असेल म्हटलं. पण क्षार खालून धरेल, हे वरून उतरलेलं होतं. बोटावर घेऊन वास घेतला.

करडईचं तेल. आणि विभूती.

खिडकीच्या काचा बसवायची लांबी कशी करतात माहीत आहे ना? खडूची पूड आणि जवसाचं तेल. सुकली की दगड. मी विभूती आणि करडईचं तेल घेऊन तीच लांबी केली, आणि स्वतःच्या हातानं व्हॉल्व्हच्या भोकात भरली. चन्नवीर, व्हॉल्व्हचं ते गोल टोक मला पहिल्यापासून लिंगासारखं दिसायचं. म्हणून खंडेनवमीला तिथं तीन पट्टे ओढायचे, दर सोमवारी त्यावर ताजे ओढायचे, आणि गड्डा होईपर्यंत पुसायचे नाहीत, हा माझा नेम. गिरणीचं मिनरल तेल देवाच्या वस्तूला नको, म्हणून वरून चोपडायला करडईचं. मोठा भक्त! ओल्या विभूतीवर तेल, तेलावर विभूती, सोमवारमागून सोमवार, आणि वर भट्टीची धग. यंदाच्या दसऱ्यापासून नव्या व्हॉल्व्हलाही तेच केलं. पाच सोमवारांत आणि एका विस्तवात तो पण अडकला.

एकतीस वर्षं! गिरणीच्या बॉयलरच्या व्हॉल्व्हला कधी माशी बसू दिली नाही मी. आणि घरच्याला गंध लावून मारला.

आता जे लिहायचं ते लिहितो. मागच्या पत्रात "काहीतरी आठवलं" म्हणालो होतो. तुम्हालाही आठवत असणार. त्या सकाळी तुम्ही पाना लावलात आणि मला म्हणालात, "मामा, नटाबरोबर दांडीपण फिरतेय. आत अडकलीय. मी नट सैल केलाय, पण तेवढ्यानं भागणार नाही. आज चालवू नका, उघडून बघू." मी काय म्हणालो? "सणाचा दिवस आहे. गड्डा होईपर्यंत विभूती पुसायची नाही." तुम्ही परत म्हणालात. मी तुम्हाला म्हणालो की लेथवर चार दिवस उभं राहून बॉयलर कळत नसतो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चन्नम्मांना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना नाही, दाक्षायणीला नाही. तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत असं दिसतंय, नाहीतर दाक्षायणीच्या पत्रात आलंच असतं. काच फुटली, पोरं रडत होती, लोक माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या तोंडातून निघालं, "ह्यानं आवळला." ते एकदा निघाल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं. तुम्ही सकाळी उघडू म्हणत होता ते स्वतःची चूक झाकायला, असंसुद्धा मी मनात लावून घेतलं. तीन वर्षं लावून घेतलं. माणूस किती निर्लज्ज असतो बघा. माणूस म्हणजे मी.

चन्नम्मांना आज सगळं सांगितलं. त्या उठल्या. विभूतीची गट्टी देवघरातून उचलून मला म्हणाल्या, "ही कपाळाला लावायची असते." आणि आत गेल्या.

दोन्ही व्हॉल्व्ह साफ केले. नवा परत ऐंशीला उचलतो. यंदा दोन व्हॉल्व्ह बसवणार आहे, एक रुसला तर दुसरा असावा. मोरीतल्या नळाचं वायसर पण बदललं.

गड्ड्यावर काय करायचं ते मला माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.

महादेवप्पा


१९ जानेवारी १९७७

चि. चन्नवीर यांस,

तुमचं कार्ड आलं नाही. येईल असं वाटलं होतं. असो, माझा हक्क नाही.

सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी नंदी चालवून दाखवला. काटा ऐंशीवर आला आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक सुटले. मुद्दाम विस्तव भडकवून, वाफ न वापरता पाच मिनिटं उभा ठेवला, काटा पंच्याऐंशीच्या वर गेला नाही. बघणाऱ्यांनी पोरं बसवायला परवानगी दिली. मी म्हटलं, जरा थांबा, आधी एक काम आहे.

हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात त्या मंडपात गेलो. माईकवर एक तरतरीत गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, मला एक नाव पुकारायचंय. त्यांनी वही ओढली. "मुलाचं नाव?" मी म्हटलं, चन्नवीर. "वय?" बत्तीस असेल. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, बत्तीस वर्षांचा माणूस हरवला?" मी म्हटलं, हरवला नाही. मी घालवला. माईक द्या दोन मिनिटं.

का कोण जाणे, दिला त्यांनी.

तुम्हाला सगळं कळावं म्हणून जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी याच गड्ड्यावर माझ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह अडकला. मी माझ्या जावयाला दोष दिला. तो खोटा होता. त्यांनी नट आवळला नव्हता, सैल केला होता, आणि इंजिन चालवू नका असं मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आठ पोरं त्यांनी वाचवली, मी नाही." मग तेच कन्नडमध्ये बोललो. अक्कलकोटकडची माणसं असतात, त्यांनाही कळायला पाहिजे.

आणि काय झालं सांगू? काही नाही! पाळणे फिरत होते, पिपाण्या वाजत होत्या, बाया बांगड्या भरत होत्या. माझ्यासमोर एक जण भजी खात उभा होता, तो नीट ऐकतोय असं वाटलं, तर त्यानं मला विचारलं, "किती वाजले?" शिव्या घातल्या त्या दिवशी शंभर माणसं गोल करून उभी होती. चूक कबूल केली तर एकाला सवड नाही. परत बोललो. तिसऱ्यांदा बोलायला लागलो तेव्हा गृहस्थांनी माईक काढून घेतला, एक खरंच पोरगी हरवली होती.

अट तर पुरी झाली. तिथंच उभा राहून बोललो. पण तुमचं नाव मी खराब केलं तेव्हा ते घरोघर पोचलं होतं, आणि हे मंडपाच्या बाहेरसुद्धा पोचलं नाही. मग इतका संताप आला की सरळ पेठेत गेलो, पत्रा आणला, पांढरा रंग दिला आणि काळ्या रंगात स्वतः लिहिलं. अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, वाकडंतिकडं, पण मोठं. माईकवर बोललो तेच सगळं, खाली माझं नाव, गाव, आणि निवृत्त बॉयलर अटेंडंट. नंदीच्या शेजारी खांबाला ठोकला. पोरं रांगेत उभी राहतात तिथंच.

आता वाचतात. पोरांची पाळी येईपर्यंत आईबापांना दुसरा उद्योग नसतो. मोठ्यानं वाचतात, ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवतात, मग वाकून माझ्याकडं बघतात. मी शिट्टी मारतो. बिरप्पाला वाचता येत नाही, पण पाठ झालंय. विचारल्याशिवाय सांगत सुटतो, "आन् सांगितलं व्हतं, चालवू नगा! ह्यांनी ऐकलं न्हाय!" मी म्हटलं, बिरप्पा, जरा हळू. तर म्हणतो, "लिवलंय की तुमीच."

काल आबासाहेब आले होते, तुम्हाला लेथवरून काढलं ते. नातवाला घेऊन. पत्रा वाचला. परत एकदा वाचला. मला म्हणाले, "महादेवप्पा, तेव्हा माझ्याकडं येऊन तुम्हीच सांगून गेला होता की." मी म्हटलं, हो, मीच. मग त्यांनी विचारलं, "कुठं असतो आता?" मी तुमचा पत्ता दिला. काही लिहिलं तर तुम्ही बघा काय करायचं ते. माझ्या भिडेखातर काही करू नका.

गड्डा अजून पंधरा दिवस आहे. पत्रा तोपर्यंत राहील, नंतर परसाच्या दाराला ठोकीन. तुमची वही, पाना, बारीक कानस, सगळं पुसून खुंटीला लावून ठेवलंय. नव्या व्हॉल्व्हच्या नटावर मी रेघ ओढलेली नाही. ती तुम्ही ओढायची. आलात तर. नाही आलात तर मी समजून घेईन, आरडाओरडा करणार नाही. प्रयत्न करीन.

चन्नम्मांना काल म्हटलं, सगळं लिहिलं, सगळं कबूल केलं, आता काही राहिलं नाही. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पाच पत्रं झाली की. एक गोष्ट अजून विचारली नाही तुम्ही." मला कळलं कुठली. पहिल्या पत्रातच विचारायची होती. दर वेळी वर आशीर्वाद लिहिला की पुढचं वाक्य तेच असायचं, आणि मी तिथं व्हॉल्व्ह लिहायचो. विचारलं असतं तर पुढचं सगळंच कबूल करावं लागलं असतं.

चन्नवीर, उजवा हात कसा आहे? बोटं मिटतात का? पाना धरवतो का?

तुमचा,
मामा